अ‍ॅनाटॉमी झाडाखाली बसूनही शिकता येते

चित्रकलेवरच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय की आर्ट स्कूलला न गेलेल्याला लँडस्केप जमेल एकवेळ, पण प्राणी-पक्षी नाही जमायचे, त्याला अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचना शिकलेली लागते. मला नाही पटत. आमच्या गुहागरकडच्या गावात एक काका आहेत, आंब्याची कलमं राखतात, रंगवायला कुणी शिकवलेलं नाही. वाडीमागच्या वडाला फळं लागली की मलबारी कवड्या धनेश (मोठ्या चोचीचे पक्षी) येतात तेव्हा हे सकाळी वही घेऊन तिथेच, आणि नुसतं बघत बसतात. त्यांच्या चित्रातली मादी लगेच ओळखता येते, डोळ्याभोवतीची पांढरी कातडी बरोबर दाखवलेली असते, नराला ती नसते. फोटोवरून काढणारे कितीतरी जण हेच चुकतात!

आणि सडा, म्हणजे कोकणातलं खडकाळ पठार म्हणाल तर, उन्हाळ्यातला जांभा (तिथला लालसर दगड) ते नुसत्या बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरी रंगात काढतात, पण पावसात भिजलेला काढायचा तर त्यात किंचित अल्ट्रामरीन निळा, मग तो असा काळपट लाल होतो की हात लावला तर ओला लागेल असं वाटतं. पावसाळ्यात मात्र खरंच हाल, हवेतल्या दमटपणामुळे पहिला वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, तासभर वाळत नाही, दुसरा दिला की सगळं गढूळ. कागदाला बुरशी येते ती वेगळीच. गेल्या वर्षीची दहाबारा चित्रं अशीच गेली, मला फार वाईट वाटलं. ज्यांना काकांची चित्रं विकत घ्यायचीत त्यांनी प्लीज काचेची फ्रेम करताना चित्र काचेला चिकटू देऊ नका, मधे माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला.