जास्वंदीवर पांढरा कापूस, मरतच नाहीये! काय करू?

गच्चीतली_जास्वंद: नमस्कार मंडळी, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर टेरेस आहे, लाल जास्वंद इतकी छान फुलायची की सासूबाईंना रोज गणपतीला फूल मिळायचं, आता कळ्या पिवळ्या पडून गळतायत, शेंड्याची पानं आकसलीयेत आणि बेचक्यांमधे पांढरा कापसासारखा चिकट प्रकार झालाय. पाण्याचा फवारा मारला की जातं नि आठवड्यात परत येतं. शेजारीच कढीपत्ता आणि मिरची आहे, ते आम्ही खातो, त्यामुळे जहाल औषध नकोय. प्लीज सांगा कुणीतरी.

देवगडकर: तंबाखू रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी गाळून फवारा, मावा बिवा सगळं साफ.

मातीतले_हात: दादा, तंबाखू नको हो, निकोटिन विषच आहे, खायच्या झाडांजवळ तर नकोच. शिवाय तंबाखूतून मोझॅक व्हायरस मिरची-टोमॅटोला लागू शकतो, एकाच कुळातली झाडं ती.

ताई, हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. अंगावर मेणाचा थर असतो म्हणून नुसतं पाणी निथळून जातं. आधी जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमधे नको. उरलेल्यांवर जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासा. मग १ लिटर कोमट पाण्यात थोडा लिक्विड सोप ढवळून त्यात ५ मिली नीम तेल घाला (साबण आधीच, नाहीतर तेल वर तरंगत राहतं) आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून, बेचक्यांतून फवारा. भर उन्हात मारलंत तर पानं करपतील, आधी एका फांदीवर ट्राय करा. अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही, त्यातून पिल्लं निघत राहतात आणि पिल्लांवर मेण कमी असतं, म्हणून दर आठवड्याला असं तीन-चार वेळा करायचं. एकदा मारून थांबलं की परत येणारच.

निंबोळी_अर्क: वरचं सगळं बरोबर, पण मुंग्यांचं कुणी बोललंच नाही! खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. पिठ्या गोड चिकटा सोडतो, तो मुंग्या खातात आणि त्याच्यासाठी पिठ्याला खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्यासारख्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. मुंग्या येत राहिल्या तर कितीही फवारा, कमीच पडेल. कुंडी विटेवर ठेवून वीट पाण्याच्या ताटात ठेवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका म्हणजे डास होणार नाहीत, आणि फांद्या भिंतीला किंवा ग्रिलला टेकू देऊ नका, मुंग्या तिकडून येतात. शेणखत, युरिया भरपूर घालत असाल तर कमी करा, कोवळी लुसलुशीत फूट पिठ्याला फार आवडते.

गच्चीतली_जास्वंद: बापरे, मुंग्या आहेत हो, रांगच्या रांग! आणि अजून एक, कापसातच एक मोठा पांढरा, झिपऱ्या झिपऱ्या असलेला किडा भराभर चालताना दिसला. तो मोठा ढेकूण का? ब्रशने काढू?

निंबोळी_अर्क: थांबा थांबा, काढू नका! तो बहुतेक क्रिप्टोलेमसची अळी आहे, लेडीबर्डचीच एक जात. दिसायला पिठ्यासारखीच पण मोठी, झिपऱ्या लांब, आणि पिठ्या जवळपास एका जागीच बसून असतो तर ही फिरत राहते नि त्यालाच खाते. तिचा मोठा भुंगा काळपट, डोकं केशरी. लोक किडा समजून हिलाच आधी चिरडतात, फार वाईट वाटतं. २००८ च्या सुमारास आपल्याकडे पपईवर पिठ्या आला तेव्हाही शेवटी कामी आली ती बाहेरून आणून सोडलेली एक बारीक गांधीलमाशीच, फवारे पुरे पडले नव्हते. तर ज्या फांदीवर ही अळी आहे तिथे नीम तेल अजिबात नको, बाकी फांद्या फवारा, आणि मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आजच करा.

गच्चीतली_जास्वंद: फांदीला लाल दोरा बांधून ठेवलाय, म्हणजे चुकून कुणी हात लावणार नाही. ताटं काढतेय आता.

मातीतले_हात: छान. आणि झाड तरी सुकतंच राहिलं तर कुंडीतून काढून मुळंही बघा, तिथेही पिठ्या बसतो.