‘ओएमजी २’ कुणाच्या जिवावर उभा आहे? (आणि मालवी बोलीचा वाद)

रामबागकर
काल या मंचावरच्याच एका सदस्यांनी लिहिलं की ‘ओएमजी २’ हा हिंदी चित्रपट अक्षय कुमारनं तारला, पंकज त्रिपाठी नेहमीचेच आणि बाकीचे सगळे भरतीचे. वाचून राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

अक्षय त्यात मधूनमधून येतो, जटा सांभाळत दोन गोष्टी सांगतो आणि जातो. चित्रपट ओढून नेतो तो कांतीशरण मुद्गल, म्हणजे त्रिपाठी. मुलाचा शाळेतला व्हिडिओ पसरलाय, शाळेनं त्याला काढून टाकलंय, घरदार गाव सोडायला निघालंय, आणि हा उज्जैनच्या महाकाल देवळाजवळचा दुकानदार शाळेला कोर्टात खेचतो. स्वतःलाही आरोपी करतो! पुढे हस्तमैथुनासारखा विषय भर कोर्टात, बायको आणि मुलीच्या देखत, स्वतःच वकील होऊन मांडायचा. एक भुवई जास्त उडाली असती तर त्याचा तमाशा झाला असता. त्रिपाठी ते शब्द इतक्या सरळ, पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या सुरात उच्चारतात की हसू येतं, पण त्या माणसाला कुणी हसत नाही.

आणि पवन मल्होत्रा! ते न्यायाधीश पुरुषोत्तम नागर झालेत. शुद्ध हिंदी कानावर आली की त्यांचा चेहरा पाहा. बाजू पटू लागलीय, पण खुर्चीवर बसून तसं दाखवता येत नाही, हे सगळं नुसतं ऐकताना ते करतात. अशा नटाला भरतीचा म्हणायचं?

खजूरी बाजार
ते ‘काल लिहिणारे सदस्य’ म्हणजे मीच, तेव्हा आडून बोलायची गरज नाही. तारला म्हणजे लोकांना थिएटरात आणलं, एवढंच माझं म्हणणं. ११ ऑगस्ट २०२३ला तो आला, त्याच दिवशी ‘गदर २’ही. अक्षयचं नाव नसतं तर पहिल्या दिवशी कुत्रं फिरकलं नसतं. शिवाय त्याची भूमिका मुळात शंकराची होती. सेन्सॉरनं २७ बदल सुचवले, त्यात देवाचा दूत झाला. अर्धी भूमिका कापलेल्या नटाला तोलायचं कसं?

रामबागकर
भूमिका बदलली हे मान्य. पण मग ‘तारला’ कसं म्हणता? पोस्टरवरचं नाव म्हणजे अभिनय नव्हे.

शिप्राकाठ
माझं माहेर उज्जैनचं, म्हणून बोलते. त्रिपाठी चांगले नट आहेत, वादच नाही. पण त्यांची मालवी, म्हणजे आमची माळव्याची बोली, मला सुरुवातीपासून खटकली. शब्द मालवी, ठेका पूर्वेचा. ते बिहारमधल्या गोपालगंजकडचे, भोजपुरी घरचे. वाक्याचा शेवट तिकडेच झुकतो. माळव्यात नट नव्हते का? इंदूर-उज्जैनच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेली माणसं आहेत. त्यांना चित्रपटात पोलीस नाहीतर चहावाला मिळतो.

जुना राजवाडा
ताई, थोडं थांबा. महाकालबाहेरचा दुकानदार दिवसभर कुणाशी बोलतो? गुजराती, मारवाडी, बिहारी, आपली नाशिक-पुण्याकडची मंडळी. त्याची मालवी घरात. गिऱ्हाइकाशी हिंदी, तीही सगळीकडचं पाणी लागलेली. देवळासमोर काकांचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथे बसायचो. काका प्रत्येक गिऱ्हाइकाशी वेगळे बोलायचे. त्रिपाठींचा मिसळलेला लहेजा मला म्हणून खोटा वाटला नाही.

शिप्राकाठ
दुकानात मिसळेल हो. पण बायकोशी बोलताना? घरातल्या प्रसंगांत बायको झालेल्या गीता अगरवाल शर्मांच्या तोंडी वाक्य आलं की ते घरातलं वाटतं, त्रिपाठींच्या तोंडी आलं की पाठ केलेलं.

रामबागकर
धागा लहेज्यावर नाही. अभिनयावर आहे.

शिप्राकाठ
लहेजा हा अभिनय नाही? मग तुमच्या मराठी नाटकांच्या स्पर्धेत आमचे, माळव्यातल्या मराठी माणसांचे, गुण कशाचे कापतात? आम्ही मोठ्या कष्टानं एक नाटक बसवलं होतं. मी आईची भूमिका केली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की काम उत्तम, पण मराठीला हिंदीचा वास येतो, म्हणून आई खरी वाटत नाही. माझी आई अशीच बोलायची! माळव्यातल्या घरातली आई माळव्यासारखीच बोलणार ना? तेव्हा कुणी म्हणालं नाही की मिसळलेला लहेजा चालतो म्हणून. मुंबईच्या नटाला सगळं माफ, आणि आम्हाला कानाखाली.

खजूरी बाजार
हे शंभर टक्के खरं. पुण्याला लग्नाला गेलो की ‘मी करून घेईन’ म्हटलं तरी लोक हसतात. पिढ्यान्‌पिढ्या होळकरांच्या इंदुरात राहिलो ते काय गुन्हा झाला?

जुना राजवाडा
पण ताई, तुमच्यावर झाला तोच अन्याय तुम्ही त्रिपाठींवर करताय. परीक्षकांनी तुमच्या आईला खोटं ठरवलं, तुम्ही कांतीशरणला ठरवताय. तुम्हाला लागलं म्हणून दुसऱ्याच्या तोंडाला पट्टी लावायची?

शिप्राकाठ
तुम्ही काहीही जोडू नका. मी माझ्या घरची भाषा बोलले म्हणून गुण गेले. त्रिपाठी दुसऱ्याच्या घरची भाषा बोलतायत, आणि बक्कळ कौतुक घेतायत. हे दोन्ही सारखं कसं? आमच्या माणसांची मालवी टिंगलीसाठी वापरली जाते, विनोदी नोकराच्या तोंडी घालतात. इथे पहिल्यांदा मुख्य माणूस मालवी बोलतोय, तर तो इथला नको?

रामबागकर
पण तो विनोदी नोकर नाही हीच मोठी गोष्ट नाही का? कामसूत्र, खजुराहो असा दाखला देणारा माणूस इथल्या बोलीत बोलतो आणि समोरच्या वकीलबाई, यामी गौतम, त्याच्यापुढे हळूहळू निष्प्रभ होतात. माळव्याच्या बोलीला अशी बाजू कधी मिळाली होती?

शिप्राकाठ
बरं, एवढं मानते. बोलीला मान मिळाला. नट इथला हवा होता हे मी सोडणार नाही.

तोरणा
माझा मुद्दा वेगळाच आहे. अरुण गोविल शाळेचे मालक, तेही कठोर. ‘रामायण’मधला (१९८७) त्यांचा राम बघत वाढलेल्या माझ्या सासूबाई मधेच उठून गेल्या. मला मात्र ती निवड अचूक वाटते. ज्या चेहऱ्याला घराघरांत नमस्कार झाला तोच चेहरा मुलाला शाळेतून काढतो, तेव्हा प्रेक्षकाला आतून हलतं. हे काम दुसऱ्या कुणाकडून झालं नसतं.

खजूरी बाजार
आणि ‘अ’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्रामुळे ज्या वयाच्या मुलांसाठी तो काढला त्यांनाच बघता आला नाही. माझा मुलगा पंधराचा. मी एकटाच बघून आलो, घरी येऊन त्याच्याशी बोलायचं ठरवलं आणि जिभेला गाठ पडली. कांतीशरण भर कोर्टात बोलतो ते मला स्वतःच्या स्वयंपाकघरात जमलं नाही. एवढं मात्र त्रिपाठींमुळेच समजलं, अक्षयमुळे नाही. झालं समाधान?

रामबागकर
झालं.

जुना राजवाडा
चित्रपटातल्या मुलाबद्दल मात्र कुणी बोलेना. आरुष वर्मा. संपूर्ण चित्रपट त्याच्या लाजेवर चाललाय आणि त्याला वाक्यं फार थोडी. मान खाली घालून, खांदे आवळून बसण्याचं काम सोपं नसतं. रेल्वेरुळांचा प्रसंग मी पुन्हा बघू शकलो नाही. त्रिपाठी, मल्होत्रा, गोविल यांच्यावर इतकी पानं लिहिलीत, त्यात त्याला एक ओळ तरी द्या.

शिप्राकाठ
ही ओळ माझ्याकडून. आणि त्याचा लहेजाही मला खटकला नाही.