मदत हवी आहे: चरणजित सिंग यांच्या १९८२च्या रेकॉर्डचं तेव्हाचं परीक्षण

नमस्कार मंडळी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग वाजवले, खाली डिस्कोचा ठेका धरून. एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड तेव्हा फारशी चाललीच नाही. २०१०मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि परदेशी समीक्षकांनी डोक्यावर घेतली: शिकागोच्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताआधीच हा आवाज मुंबईत होता म्हणून!

मला ते कौतुक अर्धवट वाटतं. बहुतेक जण त्यात वापरलेल्या टीबी-३०३ या बास वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राबद्दलच लिहितात, रागांबद्दल फारसं कुणी नाही. परवा रात्री हेडफोन लावून भैरव ऐकला. सूर घसरत कोमल रिषभावर येतो आणि खाली तो बुडबुड्यांसारखा बास चालूच. अंगावर काटा आला.

या रेकॉर्डवर लेख लिहितेय. १९८२-८३च्या मराठी वर्तमानपत्रांत किंवा मासिकांत तिचं परीक्षण आलं होतं का? दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणार आहे, पण नेमके कुठले अंक मागू? आणि कुणाच्या काका-मामांनी तेव्हा ती विकत घेतली असेल, तर त्यांना कशी वाटली होती, तेही विचारून सांगा ना.