अपघाताचा क्लेम चालू असताना आप्पा गेले. पुढे काय करावं?

सातारची_लेक: नमस्कार मंडळी. २०२३ मध्ये आप्पांच्या (वय ५८, किराणा दुकान) स्कूटरला टेम्पोने मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, रॉड बसवला. क्लेम त्यांनी स्वतःच लावला होता, साक्षही झाली. गेल्या महिन्यात झोपेतच हार्ट अटॅकने गेले. पोस्टमॉर्टेम (पीएम) केलं नाही. आता केस बंद पडते का? वकील नुसतं "बघू" म्हणतात. दुसरा वकील सुचवा. सुरुवातीला १५ हजारांच्या वर जमणार नाही, टक्केवारीवाले नकोत. आई आणि आम्ही दोघी बहिणी, दोघींची लग्नं झालीत.

कृष्णाकाठ: वाईट झालं ताई. वकील मुंबईचाच घ्या. माझ्या मेहुण्याने हायकोर्टातला मोठा वकील दिला, तारखेला गाडी पाठवायला लागायची, पण रक्कम दुप्पट झाली.

सातारची_लेक: दादा, बजेट वर लिहिलंय.

मोडकी_स्कूटी: विसरा. आमचे काका केस चालू असतानाच वारले, विमा कंपनीच्या वकिलाने "जखमीच नाही तर भरपाई कुणाला" म्हणून हात वर केले. फुटकी कवडी मिळाली नाही.

निवृत्त_शिरस्तेदार: मोडकी_स्कूटी, तुमची केस जुनी असणार. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १६६(५) लागू आहे. जखमी माणूस वारला तर त्याचा क्लेम वारसांकडे जातो, मग मृत्यू अपघातामुळे असो वा नसो. त्याआधीही २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने काहलोन प्रकरणात वारसांना केस पुढे चालवू दिली होती. मिळतं ते दवाखाना, औषधं, बुडालेली कमाई असं.
ताई, वारस लावण्याचा अर्ज ९० दिवसांच्या आत द्या. मृत्यूचा दाखला जोडा आणि तिघींनी नवीन वकीलपत्र द्या, आप्पांचं आता चालणार नाही.

आकडेमोड: ५८ वय म्हणजे गुणक ९ (वर्षाची कमाई गुणिले ९), स्वतःचा धंदा म्हणून कमाईत वर १० टक्के वाढ. सुप्रीम कोर्टाचे सरला वर्मा आणि प्रणय सेठी हे निकाल वाचा. मोठी रक्कम होते!

निवृत्त_शिरस्तेदार: तो हिशोब मृत्यू अपघातामुळेच झाला हे सिद्ध झालं तर. पीएम नाही, त्यात हार्ट अटॅक. रॉड बसवणारा डॉक्टर साक्षीला उभा राहणार आहे का? नसेल तर उगाच आशा लावू नका.

कृष्णाकाठ: मीही वारस लावा हेच सांगणार होतो. पण लग्न झालेल्या लेकींना कुठे काय मिळतं?

निवृत्त_शिरस्तेदार: लेकी कायदेशीर वारस आहेत, नावं लागलीच पाहिजेत. रक्कम आईलाच द्यायची असेल तर तसं नंतर लिहून देता येतं.

मोडकी_स्कूटी: आणि एलआयसीचे पैसे मिळाले असतील तर तेवढे कापतात.

निवृत्त_शिरस्तेदार: अहो नाही कापत. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, हेलन रिबेलो विरुद्ध आपलं एसटी महामंडळ, १९९८. कट्ट्यावर ऐकलेलं इथे लिहू नका.

मोडकी_स्कूटी: कट्ट्यावर नाही, घरात घडलंय ते लिहितोय. असो.

सातारची_लेक: सगळ्यांचे आभार. वकील तेच ठेवतोय, अर्जाचे दोन हजार घेणार म्हणाले. विमा कंपनी लोकअदालतीत तडजोडीला तयार आहे, आम्ही ती घेणार.

आकडेमोड: चूक करताय! तडजोडीवर अपील नसतं. किती देतायत?

सातारची_लेक: अपील नसतं ते माहीत आहे. रक्कम इथे नाही लिहीत. दवाखान्याचं कर्ज फिटतंय आणि आईला कोर्टाची पायरी नकोय.

कृष्णाकाठ: मग धागा कशाला काढला? मुंबईवाले निदान बोलले तरी असते कंपनीशी.

निवृत्त_शिरस्तेदार: त्यांचं घर, त्यांचा निर्णय. ताई, एवढंच बघा: वारस रेकॉर्डवर यायच्या आधी तडजोडीच्या कागदावर सही करू नका. आधी अर्ज मंजूर होऊ दे, मग लोकअदालत. आणि रक्कम किती दिवसांत जमा करणार, उशीर झाला तर व्याज किती, हे त्याच कागदात लिहून घ्या.