मोठ्या फिशटँकचे पाणी बदलण्यासाठी बादल्यांपेक्षा सोयीची पद्धत कोणती?

प्रश्न : कोथरूडवासी

नमस्कार. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद टँक आहे. पाण्याची उंची साधारण २० इंच असते, म्हणजे सुमारे ४७० लिटर पाणी मावते. त्यात दोन मोठे ऑस्कर आणि काही सिल्व्हर डॉलर जातीचे मासे आहेत. दर रविवारी ३० टक्के पाणी बदलायचे म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ-दहा बादल्या बाहेर न्यायच्या आणि तेवढ्याच आत आणायच्या, आणि आता कंबर साथ देत नाही. महानगरपालिकेचे पाणी आम्हाला गच्चीवरच्या टाकीतून मिळते. दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा निम्मे पाणी बदलले तर चालेल का? तसेच नळाचे पाणी थेट टँकमध्ये सोडावे, की आधी साठवून ठेवावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जलचर

महिन्यातून एकदा बदलण्याचा विचार कृपया सोडून द्या. ऑस्कर भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. समजा, तुमच्या टँकमध्ये नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारा क्षार) आठवड्याला १० पीपीएमने, म्हणजे लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलल्यास ते कालांतराने ३३ पीपीएमच्या आसपास स्थिरावते, पण महिन्याने निम्मे पाणी बदलल्यास प्रत्येक बदलाच्या आधी ते ८० पर्यंत जाऊ लागते. दुसरा धोका याहून गंभीर आहे. जुने पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणाऱ्या फिल्टरमधल्या जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया त्यामानाने निरुपद्रवी अशा अमोनियमच्या रूपात साठून राहतो. अशा टँकमध्ये अल्कधर्मी ताजे पाणी एकदम मोठ्या प्रमाणात आले, की त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. ‘पाणी बदलले आणि मासे दगावले’ अशी तक्रार आपण ऐकतो, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

पाणी काढण्यासाठी बादली लागतच नाही. टँकपासून बाथरूमच्या जाळीपर्यंत पोहोचेल असा पाऊण इंची पारदर्शक पाइप घ्या. टँक स्टँडवर असल्यामुळे सायफनने पाणी आपोआप उतरते. पाइपच्या आतल्या तोंडाला जाळी बसवा आणि ते तोंड वाळूवरून फिरवत राहा, म्हणजे तळाची विष्ठाही त्याच पाण्याबरोबर निघून जाते. काचेवर पाण्याच्या पातळीपासून सहा इंच खाली चिकटपट्टीची खूण करा. तुमचे ३० टक्के तिथे पुरे होतात. सुरुवात करण्याआधी हीटर आणि फिल्टर बंद करायला विसरू नका. उघडा पडलेला गरम हीटर पाणी लागताच तडकतो.

उत्तर : पिंपवाले काका

पाणी काढण्याबद्दल वर योग्यच सांगितले आहे. खरी काळजी भरताना घ्यावी लागते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते तुमच्यासाठी २०० लिटरचे झाकणाचे प्लास्टिकचे पिंप आणि एक लहान सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारा) पंप ही सर्वांत निर्धोक व्यवस्था आहे. पिंप शनिवारी भरा आणि त्यात रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना घातक असतो; साधा क्लोरीन हवेने उडून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) मात्र असा उडत नाही, म्हणून अँटी-क्लोरीन वापरलेलेच बरे. दुकानात सुटे मिळणारे स्फटिक म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ज्याला आपण हायपो म्हणतो. एक मिलिग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे सात मिलिग्रॅम हायपो लागते. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर १४० लिटरला साधारण एक ग्रॅम पुरते. थेट नळाने भरायचे असेल, तर मात्र मात्रा नव्या पाण्याच्या नव्हे, तर पूर्ण टँकच्या हिशेबाने घ्यावी आणि पाणी सोडण्याआधीच टाकावी.

आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिले, की शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने आणि कित्येकदा गढूळ येते. ते पाणी पिंपात घेऊ नका, शनिवारपर्यंत थांबा. तापमानाकडेही लक्ष हवे. मे महिन्यात दुपारी गच्चीच्या टाकीतले पाणी हाताला चटका देण्याइतके तापते आणि जानेवारीच्या सकाळी ते बोचरे गार असते. घरात ठेवलेल्या पिंपातले पाणी रात्रभरात खोलीच्या तापमानाला येते. तरीही थर्मामीटरने तपासा, दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

पंप घेताना खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, कारण तो शून्य उंचीचा असतो. जमिनीवरून टँकच्या काठापर्यंत पाच फूट चढण असेल, तर किमान दोन मीटर उंचीपर्यंत पाणी चढवणारा पंप घ्या. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचाच. भरलेल्या पिंपाचे वजन २०० किलोच्या वर जाते, म्हणून ते बाल्कनीच्या कडेला न ठेवता भिंतीलगत ठेवावे.

उत्तर : वाघोलीकर

थेंब थेंब पाणी सतत चालू ठेवून जादा पाणी काठाच्या छिद्रातून वाहू देण्याची पद्धत काही जण सुचवतील, पण सदनिकेत ती करू नये असे मला वाटते. तिच्यात नवे पाणीही जुन्याबरोबर वाहून जाते. टँकच्या निम्म्या आकारमानाइतके पाणी सोडले, तरी प्रत्यक्षात सुमारे ३९ टक्केच बदल होतो. खडकवासला धरणात साठा कमी असताना उन्हाळ्यात हे परवडणारे नाही.

आमच्या भागात टँकर आणि बोअरवेलचे पाणी येते आणि ते बरेच जड असते. तुमच्या सोसायटीनेही उन्हाळ्यात टँकर मागवला, तर पिंपातल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) टँकशी ताडून पाहा. फरक मोठा असेल, तर त्या आठवड्यात ३० ऐवजी दहा-दहा टक्के करून तीन वेळा बदला.

कोथरूडवासी

सर्वांचे मनापासून आभार. पिंप आणि पंप आणतो. एक शंका आहे : काढलेले पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना घातले तर चालेल का?

जलचर

अवश्य घाला, त्यातले नायट्रेट झाडांना उपयोगीच असते. मात्र टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलेले असेल, तेव्हाचे पाणी मोरीतच सोडावे.