मदत हवी आहे: सिलिकॉन तापलं की जास्त वीज वाहतं, मग मे महिन्यात सोलर पंप का मंदावतो?

बालाघाटी: केज तालुक्यात विहिरीवर तीन एचपीचा सोलर पंप आहे. थंडीत दुपारी बाराला धार जोरात असते, मे महिन्यात त्याच वेळेला बारीक. विहीर खाली गेलीय, ते धरलंच. पण एक प्लेट सुटी करून मीटर लावला तर लेबलवर ओपन सर्किट (काही न जोडता) ४५ व्होल्ट आणि मीटरवर ४० च्या आसपास. मिस्त्री म्हणतो, असंच असतं. बारावीतला पुतण्या म्हणतो, तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाचा कमी होतो. मग उलटं व्हायला पाहिजे ना? प्लेट बदलून मागावी का?

गोदाकाठ: प्लेट ठीक दिसते, बदलू नका. ४५ हा आकडा सेल (प्लेटमधले सिलिकॉनचे तुकडे) २५ अंशांवर असतानाचा. बाहेर ४२ असेल तर सेल सहज ६५ ला जातो. दर अंशाला व्होल्टेज साधारण ०.३ टक्के घटतं, म्हणजे ४० अंशांना १२ टक्के. करा हिशोब.

पुतण्याचंही बरोबर आहे, पण ते शुद्ध सिलिकॉनचं. त्यात २७ अंशांना पाच लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन मोकळा असतो, आणि दर दहा अंशांना ही संख्या जवळपास दुप्पट होते. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन आधीच भरपूर, उष्णतेने फक्त धक्काबुक्की वाढते. सेलमधल्या सिलिकॉनमध्ये मात्र बोरॉन, फॉस्फरस मिसळलेलं असतं. वीज वाहणारे मोकळे कण तेच पुरवतात, त्यामुळे तापून वाहकता वाढत नाही, थोडी घटतेच. खरी गोम जंक्शनमध्ये, म्हणजे बोरॉनवाला आणि फॉस्फरसवाला थर भिडतात तिथे आहे. उष्णतेने आपोआप सुटणारे इलेक्ट्रॉन तिथली गळती वाढवतात. शेततळ्याचा कागद फाटल्यावर पाणी वरपर्यंत चढत नाही, तसं व्होल्टेज चढत नाही. करंट किंचित वाढतो, पण त्याने भरपाई होत नाही.

बालाघाटी: बरं झालं, भांडायला निघालो होतो. प्लेटांवर दुपारी गार पाणी मारलं तर? आणि खाली म्हशींसाठी पत्रा ठोकलाय, तो नडतो का?

गोदाकाठ: तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी नको, तडकायची. धूळ पहाटेच धुवा. पत्रा प्लेटांना चिकटून असेल तर नडणारच, मागून वारं खेळायला पाहिजे. हातभर खाली घ्या, म्हशींना सावली तेवढीच मिळेल.