मदत हवी आहे : लामेटा थरांतले कोणते डायनासोर तक्त्यात घ्यावेत?

मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी एक भिंततक्ता करतोय. दख्खनच्या काळ्या कातळाखाली लामेटाचे थर आहेत, त्यांत सापडलेले पृष्ठवंशी प्राणी असा विषय आहे. काळ साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा, क्रिटेशसची, म्हणजे डायनासोर-युगाच्या शेवटच्या कालखंडाची, अखेर. ठिकाणं तीनच घेतली आहेत: जबलपूर, चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा-डोंगरगाव आणि गुजरातेतलं राहिओली.

घोडं पेंड खातंय ते नावांपाशी. कॅप्टन स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८२८ मध्ये जबलपूरला हाडं मिळाली. त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकर या जीवाश्मतज्ज्ञाने १८७७ मध्ये टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. भारतातल्या डायनासोरला मिळालेलं हे पहिलं नाव, पण नव्या लिखाणात ते बाजूला सारलेलं दिसतं. का?

दुसरं, ह्यूने आणि मॅटली या संशोधकांनी १९३३ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवरच्या हाडांना नावांची रांगच लावली: इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस, जुबलपुरिया, ऑर्निथोमिमॉइडिस. एका टेकडीवर एवढे शिकारी म्हणजे पंगतीला पानं भरपूर आणि वाढायला काही नाही! यातले किती खरे धरायचे?

आणि अंडी कोणाशेजारी काढू? जाणकारांनी कृपया सांगावं.

कातळवेडा :
टायटनोसॉरसच्या मणक्यांत जे वेगळेपण लायडेकरला दिसलं, ते पुढे जगभरच्या कितीतरी टायटनोसॉरांत (म्हणजे त्याच गटातल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांत) सापडलं. म्हणजे त्यावरून हाच प्राणी ओळखता येईना. म्हणून २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी ते नाव संदिग्ध ठरवलं. इतिहासाच्या चौकटीत जरूर द्या, चित्र मात्र काढू नका.

बडा शिमलाची अडचण वेगळी. तिथे अनेक प्राण्यांची सुटी हाडं एकाच थरात कालवली गेली आहेत. एका नावामागे कवटीचा तुकडा, दुसऱ्यामागे नुसते मणके. दोन नावांचं एकच हाड हाताशी नसेल तर तुलना करणार कशी? लामेटासॉरस तर चिलखती डायनासोर म्हणून नोंदवला गेला होता, पण त्यात मांसाहारी डायनासोरची हाडं आणि मगरीच्या कुळातले दात एकत्र आल्याचं पुढे लक्षात आलं. माझा नियम सोपा आहे: एकाच प्राण्याची बरीच हाडं मिळाली आहेत का, ते आधी पाहा. डोंगरगावचा आयसीसॉरस (मान आणि पुढचे पाय मिळालेत, कवटी नाही) आणि राहिओलीचा मांसाहारी राजासॉरस हे दोघे बिनधास्त घ्या. राजासॉरसची हाडं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८० च्या दशकात खणली आणि कुठलं हाड कुठे होतं याचा नकाशा ठेवला, म्हणून २००३ मध्ये त्याला नाव देणं जमलं. खोदकामात नकाशाला पर्याय नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

नदीकाठ :
अंड्यांशेजारी कुठल्याही जातीचं नाव लिहू नका. अंड्यांना मेगालूलिथस वगैरे स्वतंत्र नावं असतात, कारण आतल्या पिल्लाची जात कळत नाही. 'टायटनोसॉरची अंडी' एवढं पुरे. पण गुजरातच्या ढोली डुंगरीचं घरटं सोडू नका: अंडी, नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू आणि शेजारी साडेतीन मीटरचा साप, सनाजे इंडिकस. २०१० मध्ये हे जाहीर झालं. मुलं तिथेच खिळतील.

पिसदुराला कासवं, साप आणि ढिगाने दगड झालेली विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताच्या पेशींचे सूक्ष्म सिलिका-अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे त्यावरून कळलं. चित्रकाराला सांगा, जमीन उघडी दाखवू नको.

धागाकर्ता :
फार मोठी मदत झाली, आभार. सापाच्या घरट्याला मधली जागा देतो. एकच राहिलं: लेव्हिसुकसची हाडं थोडी आहेत, पण छोटा शिकारी एक तरी हवा. चित्र कशावरून काढू?

कातळवेडा :
मादागास्करच्या मासियाकासॉरसवरून. त्याच कुळातला आहे आणि त्याची हाडं बऱ्यापैकी मिळाली आहेत. खाली 'अंदाजे' लिहायला विसरू नका.